पदकांच्या रकान्यात जे लिहिलेच नाही

अमेरिकेच्या सैन्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक सैनिकाच्या हाती ‘डीडी २१४’ हा सेवामुक्तीचा कागद पडतो. घरासाठी कर्ज, माजी सैनिकांच्या रुग्णालयातील उपचार, सरकारी नोकरीतील प्राधान्य, राष्ट्रीय दफनभूमीतील जागा, यांपैकी काहीही मागायला गेले की सर्वप्रथम हाच कागद पाहतात. त्यात पदके, बिल्ले आणि सन्मान यांचा एक रकाना असतो. इथे अमेरिकेत आमच्या शेजारी राहणाऱ्या, पंचाहत्तरी केव्हाच ओलांडलेल्या एका गृहस्थांचा असा कागद गेले काही महिने माझ्यासमोर आहे. ते व्हिएतनाममध्ये पायदळात होते. टंकलेखन यंत्रावर उमटवलेल्या त्या रकान्यात तीन नोंदी आहेत आणि तिसरी रकान्याच्या कडेला टेकून संपते. जागा संपली म्हणून कारकून थांबला की त्याच्यापुढची यादीच तेवढी होती, हे आज कोणालाही सांगता येणार नाही. राहिलेल्या नोंदी घालाव्यात असा अर्ज त्यांनी केला आहे. त्याची कागदपत्रे लावून देताना आपल्याकडे, भारतात, माजी सैनिकांविषयी चाललेले वाद मला सतत आठवत राहतात.

नोंदी राहतात त्यामागे बहुतेक वेळा कोणाचा दुष्टावा नसतो. व्हिएतनाममधील सेवापदकावर, सैनिकाने ज्या ज्या मोहिमेच्या काळात तिथे सेवा केली, तिच्यासाठी एक छोटा तारा लावायचा असतो; अशा मोहिमा १७ होत्या आणि घाईत कागद भरणाऱ्या कारकुनाने तारे मोजलेच नाहीत, असे सर्रास घडले. दक्षिण व्हिएतनामच्या सरकारने अमेरिकी तुकड्यांना दिलेला ‘गॅलंट्री क्रॉस’ हा सामूहिक सन्मान तिथे सेवा केलेल्या बहुतेक सर्व भूदल सैनिकांना लागू करणारा आदेश १९७४ साली निघाला. ज्यांचा सेवामुक्तीचा कागद १९७० किंवा १९७१ मध्येच तयार झाला, त्यांच्या कागदावर तो येणार कुठून? शत्रूच्या हल्ल्यात जखमी झालेल्यांना मिळणाऱ्या ‘पर्पल हार्ट’ची गोष्ट याहून अवघड आहे. त्या पदकासाठी जखमेवर वैद्यकीय अधिकाऱ्याने उपचार करावे लागतात आणि त्या उपचाराची अधिकृत नोंद व्हावी लागते. शेतात पडलेल्या पोराच्या दंडाला पट्टी बांधून जो परिचारक पुढच्याकडे धावला, त्याच्याजवळ नोंदवही नव्हती.

पदक केवळ छातीवर मिरवण्यासाठी असते असा समज आपल्याकडे आहे, तसा तो इथेही आहे. प्रत्यक्षात ‘पर्पल हार्ट’ असलेला माजी सैनिक उपचारांसाठी वरच्या प्राधान्यगटात गणला जातो, आणि युद्धाच्या मानसिक आघातासाठी भरपाई मागताना लढाईतील काही पदके हाच मोठा पुरावा धरला जातो. तेव्हा रकान्यातली एक ओळ गाळली गेली की माणसाच्या आयुष्यातला एक पुरावाच गाळला जातो.

इथली व्यवस्था मला आदर्श वाटत नाही, पण आधी तिचे श्रेय. १९४६ च्या कायद्याने सैनिकी अभिलेख दुरुस्त करणारी मंडळे स्थापण्याची वाट मोकळी झाली आणि त्यांवर गणवेशातील अधिकारी नव्हे तर नागरी सदस्य बसतात. अभिलेखातील चूक दुरुस्त करणे किंवा अन्याय दूर करणे, एवढेच त्यांचे काम कायद्याने ठरवून दिले आहे. चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांत अर्ज करावा असा नियम असला, तरी न्यायासाठी गरज वाटल्यास मंडळ ती मुदत बाजूला ठेवू शकते, आणि म्हणूनच पन्नास-पन्नास वर्षांनी आलेले अर्जही वाचले जातात. सरळ चुकांसाठी मंडळापर्यंतही जावे लागत नाही. सेंट लुईसच्या राष्ट्रीय सेवा-अभिलेख केंद्राकडे अर्ज करता येतो. मूळ कागदात खाडाखोड करत नाहीत, ‘डीडी २१५’ हा दुरुस्तीचा स्वतंत्र कागद त्याला जोडतात. मंडळाने नकार दिला तरी कारणे लेखी द्यावी लागतात. मला या साऱ्यात सर्वांत मोलाचे वाटते ते हे, की अर्ज करणाऱ्याला कोणाच्या ओळखीची गरज लागत नाही आणि त्याच्याकडे मान मागायला आलेला म्हणून कोणी पाहत नाही.

दोष आहेत ते पुराव्याच्या ओझ्यात. सरकारी कारभार यथास्थित झाला असे गृहीत धरून मंडळ सुरुवात करते आणि तो तसा झाला नाही हे अर्जदाराने दाखवायचे असते. १२ जुलै १९७३ रोजी त्याच सेंट लुईस केंद्राला आग लागली आणि १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख सैनिकांच्या धारिका (फायली) जळाल्या. १९१२ ते १९६० या काळात भूदलातून बाहेर पडलेल्यांच्या सुमारे ८० टक्के धारिका त्यात गेल्या. दुसऱ्या प्रती नव्हत्या, सूचीही नव्हती. पगारपत्रके आणि तुकड्यांचे रोजचे हजेरी अहवाल जुळवून त्या केंद्राने पुढे फार कष्टाने पुष्कळ काही उभे केले, हे मान्यच आहे. तरीही कोरियात लढलेल्या वृद्धाला, कागद सरकारच्या ताब्यात असताना जळाला आणि पुरावा मात्र तू आण, असे सांगणे मला न्याय्य वाटत नाही. पदकांचे खोटे दावे करणारे असतात, म्हणून कडकपणा हवा, हा युक्तिवाद मी समजू शकतो. अशा दाव्यांना शिक्षा करणारा २००५ चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये रद्द ठरवला आणि मग २०१३ मध्ये लाभासाठी केलेल्या फसवणुकीपुरता नवा कायदा आला. पण खोटे बोलणारा माणूस सहसा चारचौघांत बोलतो; आपल्याच धारिकेची तपासणी करा असा अर्ज तो का करील?

आता आपल्याकडे. माझे मामा १९७१ च्या युद्धात पश्चिम आघाडीवर होते. त्यांच्या डिस्चार्ज बुकात त्या युद्धकाळातील सेवेचे संग्राम मेडल आहे, पश्चिम आघाडीवरील सेवेचा पश्चिमी स्टार मात्र नाही. युद्धाच्या तोंडावर त्यांना दुसऱ्या तुकडीशी जोडले होते आणि तिथला पार्ट टू ऑर्डर, म्हणजे सेवेतील बदलाची अधिकृत नोंद, त्यांच्या मूळ कागदांपर्यंत पोचला नाही, असे ते सांगतात. त्यांनी पाठवलेल्या पत्रांना एकदाच उत्तर आले, त्यात संबंधित नोंद उपलब्ध नाही एवढेच होते. पैशाचा प्रश्न नव्हता, कारण त्या पदकापोटी काही मिळत नाही. ‘मी आघाडीवर होतो की नव्हतो, एवढं त्यांनी लिहावं,’ असे ते म्हणत. पुढचा मार्ग म्हणजे सशस्त्र दल न्यायाधिकरण. २००७ च्या कायद्याने ते आले, मुंबईतही त्याचे पीठ आहे आणि अनेकांना तिथे न्याय मिळाला आहे. पण तिथे जायचे म्हणजे वकील करायचा आणि ज्या सैन्यात आयुष्य घालवले त्याच्याविरुद्ध दावेदार म्हणून उभे राहायचे. मामांना ते करवले नाही, आणि त्यांच्या पिढीतल्या कित्येकांना ते करवणार नाही.

आपल्या चर्चांमध्ये या प्रश्नाला जागाच नाही. समान हुद्द्याला समान निवृत्तिवेतन मागणाऱ्या ‘वन रँक वन पेन्शन’वर २०१५ पर्यंत आणि नंतरही हिरिरीने भांडण झाले, ते आवश्यकच होते. एखादा जवान धारातीर्थी पडला की अख्खा तालुका रस्त्यावर उतरतो. सातारा, सांगली, कोल्हापूरच्या गावांतली ती माया खरी आहे आणि इथे विमानतळांवर माजी सैनिकांचे जे औपचारिक आभार मानतात त्यापेक्षा ती कितीतरी सखोल आहे. मात्र जो जिवंत परत येतो, त्याने काय केले हे नीट लिहून ठेवण्याची आस्था त्या मायेच्या मानाने फार तोकडी पडते. जवानांचे अभिलेख रेजिमेंटनिहाय विखुरलेले, मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला तर महार रेजिमेंटचे सागरला. चूक कोणाकडे दुरुस्त करून मागायची हेच निवृत्त हवालदाराला कळत नाही, आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय फार तर त्याचे पत्र पुढे धाडू शकते.

याहून गंभीर गोष्ट आहे ती कागद राखण्याच्या मुदतीची. निवृत्तिवेतन नसलेल्या जवानाची सेवा-कागदपत्रे पंचवीस वर्षे जपून नंतर नष्ट करावीत, अशी तरतूद भूदलाच्या नियमावलीत आहे. न्यायाधिकरणापुढे आलेल्या जुन्या प्रकरणांत ‘कागद नियमानुसार नष्ट केले’ हे उत्तर पुन्हा पुन्हा दिसते. अमेरिकेत सेवामुक्तीला ६२ वर्षे झाली की धारिका कायमची राष्ट्रीय अभिलेखागाराची होते आणि कोणालाही पाहता येते. इथे धारिका अपघाताने जळाल्या आणि त्या अपघाताची हळहळ पन्नास वर्षांनंतरही आहे. आपण त्या नियमाने नष्ट करतो.

२०२२ मध्ये अग्निपथ योजना आली, तेव्हापासून चार वर्षांची मुदत, कायम होणारे जास्तीत जास्त २५ टक्के आणि उरलेल्यांच्या पोटापाण्याची सोय यांवर भरपूर वाद झाला. त्या उरलेल्या ७५ टक्क्यांना निवृत्तिवेतन नाही. पंचवीस वर्षांचा नियम त्यांना तसाच लागू झाला, तर २०२६ च्या अखेरीपासून बाहेर पडणाऱ्या या तरुणांच्या सियाचीनमधल्या किंवा लडाखमधल्या सेवेचा सरकारदरबारी असलेला कागद त्यांच्या पन्नाशीच्या आसपासच नाहीसा होईल. त्यांच्या फुप्फुसांचे किंवा गुडघ्यांचे दुखणे बहुधा त्याच सुमारास डोके वर काढील. म्हणून निवृत्तिवेतन असो वा नसो, प्रत्येकाची सेवानोंद कायम राखावी. बाहेर पडण्यापूर्वी पदकांचे पान जवानाला वाचून दाखवून त्याची सही घ्यावी आणि त्याची प्रत त्याच्या हाती द्यावी. आणि नोंद राहिली असेल तर न्यायाधिकरणाची पायरी न चढता अर्ज करता येईल असे नागरी सदस्यांचे दुरुस्ती मंडळ संरक्षण मंत्रालयाने नेमावे. पुरावा सरकारच्या हातून हरवला असेल, तर तो पुन्हा उभा करण्याचे काम त्या मंडळाचे असावे आणि सोबत लढलेल्या दोघांची प्रतिज्ञापत्रे त्याला पुरेशी वाटावीत. मामांच्या तुकडीतले असे दोघे आजही हयात आहेत.