नावाची कथा आणि नोंदी
‘डॉ. पेपर’ या अमेरिकी शीतपेयाला औषधविक्रेते वेड मॉरिसन यांनी व्हर्जिनिया राज्यातील डॉ. चार्ल्स पेपर यांच्या मुलीवरील प्रेमापोटी ते नाव दिले, ही या पेयावरील लेखात दिलेली कथा मला पटत नाही. मॉरिसन त्या राज्यातील क्रिश्चन्सबर्ग येथे औषधालयात कारकून होते, तेव्हा रूरल रिट्रीट गावातली ती मुलगी अगदीच लहान होती. टेक्सासमधील वेको येथे मॉरिसन यांच्या औषधालयात १८८५ मध्ये चार्ल्स ऑल्डरटन यांनी पेय तयार केले, याविषयी फारसा वाद नाही. खरा पेच नावाचाच आहे. त्या दुकानाची जुनी हिशेबवही २००९ मध्ये उजेडात आली आणि तीत ‘डी पेपर्स पेप्सिन बिटर्स’ अशी हस्तलिखित कृती दिसली, तेव्हा पेयाची मूळ पाककृती सापडल्याची चर्चा झाली, परंतु हे पेय बनवणाऱ्या कंपनीच्या म्हणण्यानुसार ती पचनाच्या औषधाची आहे. लेखात या वहीचा उल्लेख अवश्य हवा होता.