जावईबापू, फलाट कुठला?

इटलीच्या रेल्वेबद्दल जो तो वेगाचं सांगतो. रोमहून फ्लोरेन्स दीड तासात, ताशी ३०० किलोमीटरने धावणारी फ्रेच्चारोस्सा, तिच्याशी टक्कर द्यायला २०१२पासून खासगी इतालो. सगळं खरं आहे. पण त्या दीड तासाआधी स्टेशनात मान वर करून उभं राहावं लागतं, त्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही.

रोमच्या तेर्मिनी स्टेशनात विसाच्या वर फलाट आहेत. त्यांतल्या कुठल्या फलाटावर आपली गाडी लागणार, हे ती सुटायला पंधरा-वीस मिनिटं उरली तरी बोर्डावर उमटत नाही. तोवर अख्ख्या जगातले पर्यटक बॅगांच्या मुठी आवळून त्या बोर्डाखाली गोळा झालेले असतात. सोबत बायको आणि तिची मावशी. मावशींची नोकरी विरार-चर्चगेट लोकलमध्येच झाली म्हटलं तरी चालेल. गाडीचा फलाट आधी माहीत नसणं हा त्यांच्या लेखी रेल्वेचा नव्हे, जावयाचा दोष.

"जावईबापू, फलाट कुठला?"

"अजून आला नाही, मावशी."

"मग कोणाला तरी विचारा."

"त्यांनाही माहीत नसतं."

"मग पगार कशाचा घेतात?"

त्यात बोर्डावर आपल्या गावाचं नावच नसतं. मोठ्या अक्षरांत फक्त शेवटचं स्टेशन: व्हेनिस, मिलान, तोरिनो. मधलं फ्लोरेन्स कुठेतरी बारीक अक्षरांत सरकत असतं, आणि चष्मा काढून पुसेपर्यंत निघूनही जातं. म्हणून तिकिटावरचा गाडीचा नंबर पाठ करावा. बायकोने तो हातावर लिहून घेतला होता. परीक्षेतही तिने असं काही केलं नसावं.

आकडा उमटला की मात्र जमाव फुटतो. कोणी कोणाचं नसतं. फलाटाच्या तोंडाशी तिकीट दाखवायचं, मग आपला डबा शोधत पळायचं. तो हमखास दुसऱ्या टोकाला. हमाल ही जमात इथे दिसत नाही. आपली बॅग आपणच चढवायची. जी बॅग एका हाताने डोक्यावरच्या फळीवर टाकता येत नाही ती इटलीला नेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ते मी निघण्यापूर्वी घरात मांडलंही होतं. त्यानंतर बॅगेत चिवड्याचा आणखी एक डबा गेला.

फ्लोरेन्सहून पिसाला जायला साधी रिजनल गाडी बरी. तासाभराचा प्रवास, भाडं ठरलेलं, जागेचं आरक्षण नाही. वेगवान गाड्यांचं तिकीट महिना-दोन महिने आधी स्वस्तात मिळतं आणि आयत्या वेळी डोळे पांढरे करतं. रिजनलला ती भानगड नाही. तिची भानगड वेगळी. कागदी तिकीट घेतलंत तर गाडीत चढण्यापूर्वी फलाटाजवळच्या यंत्रात घालून त्यावर तारीख-वेळ छापून घ्यायची, नाहीतर तिकीट असूनही दंड. मावशींना हे यंत्र बेहद्द आवडलं. खट्ट असा आवाज येतो म्हणे. पुढे फ्रेच्चारोस्साच्या तिकिटाला छाप लागत नाही हे त्यांना पटवताना माझी गाडी जवळजवळ चुकली.

तिकिटाचं मशीन पाकीटमारांपासून सावध राहा असं मोठ्याने ओरडत असतं, आणि ते ओरडत असतानाच एक हसतमुख माणूस 'मदत' करायला शेजारी येऊन उभा राहतो. मावशींनी त्याला शुद्ध मराठीत विचारलं, "तुमचं काय काम?" तो गेला. भाषा न कळण्याचे फायदे असतात.

तिथे भिंतीवर संपाची सूचना होती. इटलीत रेल्वेचा संप आधी जाहीर होतो, आणि कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळांत ठरलेल्या गाड्या सोडाव्याच लागतात. मी हे समजावल्यावर मावशी म्हणाल्या, "म्हणजे संप वेळेवर, गाडीचं मात्र सांगता येत नाही." सुदैवाने आमच्या वाट्याला संप आला नाही, व्हेनिसच्या गाडीला नुसता पंचवीस मिनिटं उशीर होता.

फ्लोरेन्सचं सांता मारिया नोव्हेल्ला हे टोकाचं स्टेशन, रूळ तिथेच संपतात. त्यामुळे रोमहून आलेली गाडी आल्या बाजूनेच परत निघते. "अहो, ही रोमला चालली!" मावशी उठून उभ्या राहिल्या. समोरचा इटालियन गृहस्थही घाबरून उठला. दोघांना बसवलं, खिडकीची जागा मावशींना दिली, आणि बोगदा सुरू झाला. बोलोन्यापर्यंतच्या ७८ किलोमीटरपैकी ७३ बोगद्यांतच आहेत. "हे दाखवायला आणलंत?"

पुढे व्हेनिस मेस्त्रे आलं. नावात व्हेनिस असल्यामुळे अर्धा डबा उठला, मावशीही. मेस्त्रे मुख्य भूमीवर आहे. कालवे पुढच्या स्टेशनला. मावशींना लगेच कळलं. "म्हणजे ठाण्याला उतरून गेटवे शोधायचा." मग जवळजवळ चार किलोमीटरचा पूल, दोन्हीकडे पाणी, आणि सांता लुचिया. ज्या चर्चचं नाव स्टेशनला आहे, ते स्टेशनला जागा करण्यासाठीच १८६१ साली पाडलं, हे सांगायला मी तोंड उघडलं, पण कोणी ऐकत नव्हतं. दारातून बाहेर पडलं की समोर थेट ग्रँड कॅनल.

हॉटेल स्काल्झी पुलापलीकडे. पूल दगडी, देखणा आणि दोन्ही बाजूंनी पायऱ्यांचा. मावशींनी पायऱ्या पाहिल्या, मग माझ्याकडे पाहिलं, आणि सगळ्यात मोठ्या बॅगेवर बैठक मारली.

"तुम्ही एकेक करून न्या, जावईबापू. मी इथे सामान राखते. पाकीटमार असतात म्हणे."