येथे गाडी उभी करू नये

नागपुरात हनुमाननगरच्या आमच्या जुन्या घरामागं टिनाची एक खोली होती. सहा बाय आठ. घरात तिला 'कूलरची खोली' म्हणत, कारण पहिला पाऊस पडला की कूलर तिच्यात जायचे आणि होळी झाली की बाहेर यायचे. शिवाय वाळ्याच्या जुन्या टट्ट्या, माझा पाळणा, आणि 'लागते कधीमधी' या सदरातली बाकी इस्टेट. बाबांनी 1996 साली वेल्डरच्या डोक्याशी उभं राहून ती करून घेतली होती. गल्लीकडच्या पत्र्यावर लाल ऑइलपेंटनं त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं : 'येथे गाडी उभी करू नये. हवा सोडण्यात येईल.' बाबा सरकारी नोकरीत होते, हे त्या 'येईल'वरून कळायचं.

घर बिल्डरला गेलं, आम्ही बेसाला प्लॉटवर नवं बांधलं. भंगारवाला खोलीचे 6000 द्यायला तयार होता. बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "आजकालचं टिन नखानं वाकते. खोली येईन. अख्खी येईन."

सुटी करून नेऊ म्हटलं, तर पत्र्यांचे जे-हूक गंजले होते आणि त्यांच्याखालचे डांबरी वायसर पत्र्याशी एकजीव झाले होते. पाना लावला की नट फिरायचा नाही, हूकच तुटायचा. म्हणजे बेसाला खोली नाही, चाळणी पोचली असती. बाबा जिंकले.

मुहूर्तही खोलीनंच ठरवला. ती रिकामी कधी असते? कूलर बाहेर असताना. कूलर बाहेर कधी असतात? मे महिन्यात. ज्या शहरानं 2013च्या मेमध्ये 47.9 अंश बघितले, त्या शहरात ऐन नवतप्यात, म्हणजे उन्हाळ्यातल्या सर्वांत तापत्या नऊ दिवसांत, आम्ही पत्र्याची खोली हलवायला काढली. पहाटे पाचची वेळ धरली, पत्रा तापायच्या आत.

आदल्या रात्री मी मोटार वाहन नियम वाचले. रुंदी 2.6 मीटरच्या वर नको. खोली सहा फूट रुंद, म्हणजे पास. उंचीचं मात्र माझ्या पोटात गोळा होता. चारशे सातचा, म्हणजे टाटाच्या छोट्या ट्रकचा, डाला जमिनीपासून साडेतीन फूट, वर खोली सात फूट, वर उतार. नियमात बसत होतं; पण गल्लीतल्या केबलच्या तारा नियम वाचून लोंबत नाहीत.

वेल्डरनं ग्राइंडरनं पायाचे बोल्ट कापले आणि चारही बाजूंना तिरप्या पट्ट्या मारल्या. "ह्या नाही मारल्या तर उचलतानाच चौकट पतंगासारखी होते," तो म्हणाला. मग आठ हमालांनी खाली सब्बली घातल्या. अडीचशे किलोची खोली 'हूं' म्हणताच हातभर वर आली आणि आठही जण थांबले. कारण पुढचे चार उजवीकडे निघाले होते, मागचे चार डावीकडे. खोली मधोमध तरंगत होती, बाबा छत्री घेऊन खाली वाकून बघत होते. खाली 1996पासून न दिसलेली काँक्रीटची लादी होती आणि तिच्यावर माझा एक कंचा, खेळायची गोटी. "अरे, हा सापडत नव्हता न तुला!" असं म्हणून तो त्यांनी खिशात टाकला. खोली अजून आठ जणांच्या हातात होती.

डाल्यात चढल्यावर नवी अडचण निघाली. दाराची कडी फक्त बाहेरून, आणि बिजागऱ्या ढिल्या. ड्रायव्हर म्हणाला, "भाऊ, आतून कोणीतरी दार धराव लागन." सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी आत गेलो. त्यानं बाहेरून कडीही लावली, "सेफ्टीसाठी."

तर मानेवाडा रोड मी घरातून बघितला. जाळीच्या खिडकीतून तुकडोजी पुतळा सरकत गेला, दुधाचे कॅन सरकले. छतावरचा पोरगा वाळक्या बांबूनं तारा उचलायचा आणि माझ्या डोक्यावर धाड धाड चालायचा. विजेच्या तारेजवळ आला की चालणं थांबायचं, आणि माझा श्वासही. फिरायला निघालेल्या एका काकाजींनी विचारलं, "यंदा बडग्या उन्हाळ्यातच काढला काय बे?" नागपूरबाहेरच्यांसाठी सांगतो : तान्ह्या पोळ्याला, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, आमच्याकडे मारबत आणि बडग्यांचे पुतळे मिरवणुकीनं निघतात, गावाची इडा पीडा घेऊन. ही रीत 1880च्या दशकापासूनची. खिडकीत माझं तोंड बघून त्यांची खात्रीच पटली असावी.

मानेवाडा चौकात बांबूपेक्षा हुशार एक तार निघाली. गाडी मधोमध उभी, मागं हॉर्न. एव्हाना ऊन पत्र्यावर आलं होतं आणि आत मी तर्रीतल्या पोह्यांसारखा भिजलो होतो. ट्राफिकचा पोलीस आला, कडी काढली, मला बघितलं.

"कोण राहते इथं?"

"कोणीच नाही."

त्यानं मला नीट वरपासून खालपर्यंत बघितलं. मग खोलीला एक चक्कर मारली. लाल अक्षरांपाशी थांबला. मोठ्यानं वाचलं.

"हे कोणी लिहिलं?"

"मी," बाबा केबिनमधून म्हणाले. अभिमानानं.

"मंग चौकात गाडी काहून उभी केली? सोडू काय हवा?"

बाबांजवळ पहिल्यांदा उत्तर नव्हतं. पोलीसच हसला, स्वतः बांबू धरला, आम्हाला काढून दिलं. कडीही त्यानंच परत लावली.

बेसाला उतरवायला दहा मिनिटं लागली. हिशेब : गाडीचे 3500, हमालांचे 4000, वेल्डरचे 1800, तर्रीपोहा आणि चहाचे 450. भंगारात खोली 6000ची.

दार स्वयंपाकघराकडं हवं होतं, म्हणून खोली फिरवली. दार इकडं आलं, तर साहजिकच लाल अक्षरं तिकडं गेली, शेजाऱ्याच्या फाटकासमोर. संध्याकाळी नवे शेजारी नमस्कार करायला आले. अक्षरं वाचली, स्वतःच्या मोटारीकडं बघितलं.

"काकाजी, मग आम्ही गाडी कुठं लावायची?"

"लावा न इथंच," बाबा म्हणाले. "ते हनुमाननगरच्या लोकांसाठी आहे."