आधी लेयर मास्क, मग फिल्टर

सुरुवातीला तयार टेम्प्लेट आणि फिल्टर दिले की विद्यार्थ्यांची गोडी टिकते, हे संगणकावर छायाचित्र-संपादन शिकवण्याविषयीच्या लेखातील विधान मला पटले नाही. माध्यमिक शाळेत हा विषय शिकवताना मला नेमके उलटे दिसते: फिल्टरचे नावीन्य लवकर ओसरते, पण मूळ छायाचित्राला धक्का न लावता लेयर मास्कवर (चित्राच्या थराचा कोणता भाग दिसावा हे ठरवणाऱ्या आवरणावर) काळ्या रंगाने भाग झाकता येतो आणि पांढऱ्याने तो पुन्हा उघडता येतो, हे उमगले की मुले स्वतःहून प्रयोग करू लागतात, कारण कोणतीही चूक कायमची राहत नाही. त्यासाठी महागडे सॉफ्टवेअरही लागत नाही. गिंप हे चित्र-संपादनाचे सॉफ्टवेअर मोफत मिळते आणि त्यात ही सोय आहे.

छपाईचा उल्लेखच नसणे ही मात्र लेखाची मोठी उणीव आहे. पडद्यावर सुबक दिसणारे १२०० पिक्सेल रुंदीचे चित्र ३०० पिक्सेल प्रति इंच या प्रमाणाने छापल्यास केवळ ४ इंच रुंद येते, आणि आरजीबीतील (पडद्यावरच्या लाल, हिरव्या, निळ्या प्रकाशातील) झगझगीत हिरवा रंग छपाईच्या सीएमवायके (निळसर, किरमिजी, पिवळ्या, काळ्या) शाईत तसाच उतरत नाही. म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याचे निदान एक भित्तिपत्रक प्रत्यक्ष छापून त्याच्या हाती द्यावे, अशी माझी लेखकांना आग्रहाची सूचना आहे.