किरकोळ म्हणजे किती?

निवडणूक आली की आमच्या जुन्या पत्रकार मित्रांच्या ग्रुपवर 'पॅकेज'चा विषय निघतोच. २००९च्या विधानसभेला महाराष्ट्रात पैसे घेऊन छापलेल्या बातम्या गाजल्या, प्रेस कौन्सिलच्या (वृत्तपत्रांवर लक्ष ठेवणाऱ्या आपल्या संस्थेच्या) उपसमितीने २०१०मध्ये सविस्तर अहवाल दिला. कौन्सिलने तो पूर्ण बाहेर येऊ दिला नाही; माहिती आयोगाचा आदेश आल्यावर २०११मध्ये तो लोकांना वाचायला मिळाला. एवढं सगळं आठवून चर्चा थांबते ती एकाच जागी: पत्रकारिता शिकणाऱ्या पोरांना परीक्षेत नीतिमत्तेचा पेपर सक्तीचा करा, तिकडे इंग्लंडमध्ये बघा.

मी 'तिकडे'च राहतो आणि पत्रकारिता-जनसंपर्काच्या मुलांना शिकवतो. इथल्या पत्रकार संघटनेची आचारसंहिता १९३६ची. तरीही लोकांच्या फोनवरचे निरोप चोरून ऐकले गेले आणि २०११मध्ये ते ऐकणाऱ्या 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' या वृत्तपत्राला टाळं लागलं. जनसंपर्कवालेही धुतल्या तांदळासारखे नाहीत. लंडनच्या बेल पॉटिंजर या जनसंपर्क कंपनीने दक्षिण आफ्रिकेत उद्योगपती गुप्ता बंधूंच्या (हो, आपल्या सहारनपूरच्याच) कंपनीसाठी वांशिक तेढ वाढवणारी मोहीम चालवली. २०१७मध्ये जनसंपर्कवाल्यांच्या व्यावसायिक संघटनेने बेल पॉटिंजरची हकालपट्टी केली आणि आठ-दहा दिवसांत ती बुडाली. बुडाली ती मुख्यतः ग्राहक पळाले म्हणून, पण चुकलं तर धंदा जातो हे सगळ्यांना दिसलं. आपल्या प्रेस कौन्सिलच्या हातात समज आणि ताशेरे, बस्स. फरक मला इथे दिसतो, नीतिमत्तेच्या पेपरात नाही.

तसला परीक्षेचा पेपर मीही काढत होतो. मुलं कलमं पाठ करून चांगले गुण मिळवायची. आता वर्गाचे दोन भाग करतो: निम्मे रसायन कारखान्याचे जनसंपर्क अधिकारी, निम्मे बातमीदार. कारखान्यात गळती झालीय, प्रेसनोट वीस मिनिटांत हवी. मागे एका मुलीने झकास नोट लिहिली, 'किरकोळ गळती, परिस्थिती नियंत्रणात.' मग मी बाजू बदलल्या. ती बातमीदार झाली, आणि समोरच्या मुलाने आळस करून तिचीच नोट तिच्या हातात ठेवली.

तिने पेन उचललं. "किरकोळ म्हणजे किती लिटर?"

तो म्हणाला, "तुलाच माहीत."

वर्ग हसला. ती हसली नाही. नोट समोर ठेवली आणि 'किरकोळ'वर काट मारून तिथे रिकामी जागा सोडली.