गॅरी यंग यांची अमेरिकेतली वर्षं

ब्रिटिश पत्रकार गॅरी यंग यांच्यावरचा तुमचा लेख आवडला, पण त्यांची अमेरिकेतली वर्षं दोन ओळींत उरकलीत याची रुखरुख वाटली. आईवडील बार्बाडोसचे, बालपण इंग्लंडातल्या स्टीव्हनेजला. २००३ ते २०१५ ते ‘गार्डियन’ या ब्रिटिश दैनिकासाठी अमेरिकेतून लिहीत होते. निवडणुकांवर पुष्कळ लिहिलं, पण मला मोठं वाटतं ते वेगळंच काम. २३ नोव्हेंबर २०१३ ही अशीच एक तारीख धरून त्या दिवशी गोळीला बळी पडलेली ९ ते १९ वयाची दहा मुलं त्यांनी शोधली. सात कृष्णवर्णीय होती. त्यांच्या घरच्यांचा, शेजाऱ्यांचा माग काढला, प्रत्येकाचं आयुष्य नीट मांडलं. एवढी चिकाटी आज किती वार्ताहर दाखवतात? कृपया यावर स्वतंत्र लेख लिहाच.