लिंबू पिळलं म्हणजे मासा शिजला असं नाही

‘माशाच्या तुकड्यांना अर्धा तास लिंबू लावून ठेवलं की ते शिजतात, मग तव्यावर नुसते दाखवले तरी पुरे’ असा मेसेज फिरतोय. तो अर्धाच खरा आहे. आम्लाने प्रथिनं घट्ट होतात, तुकडा पांढरा दिसतो. पण आतले जंतू आणि परजीवी मरतीलच असं नाही. त्याला आचच हवी, अगदी आतपर्यंत ६३ अंश सेल्सिअस. थर्मामीटर नसेल तर सगळ्यात जाड भागात काटा घालून बघा: मांस काचेसारखं दिसत नसेल आणि पापुद्रे सहज सुटत असतील तर झालं. चवीपुरतं मुरवायला दहा-पंधरा मिनिटं भरपूर झाली. जास्त ठेवलात तर तुकडा भुसभुशीत होतो. उरलेलं लिंबू सोबतच्या काकडी-कांद्यावर खुशाल पिळा. मुरवणाचं पाणी मात्र त्यावर ओतू नका, ते कच्चंच असतं.